विद्येची वारी चुकू नये



आषाढीची वारी करून वारकरी माघारी फिरला, तरी आमच्या हिंगोलीकडे त्याची वारी तेवढ्यावर पुरी झाली असे कोणी मानीत नाही. आषाढ वद्य एकादशीस नर्सी नामदेव येथे परतवारी भरते. कयाधूच्या काठी, श्रीनामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून मानलेल्या त्या गावी पंढरीहून परतलेले आणि पंढरीस जाऊ न शकलेले असे दोन्ही प्रकारचे भाविक दर्शनास लोटतात. वारी म्हणजे काय ते तेथे कळते. एकदा जाऊन आले ती यात्रा. ऊन-पाऊस, सुगी-दुष्काळ न पाहता जो नेमाने पुन्हा पुन्हा जातो, तो वारकरी.

या लेखात आम्हांस अशाच एका नेमाविषयी बोलावयाचे आहे. गरिबाच्या लेकराचे शिक्षण आपल्या अंगावर घेणे, हा तो नेम. तो आम्ही स्वतः एकदा चुकविला आहे. म्हणून आधी ती चूक सांगतो, उपदेश मागाहून करू.

आमची चूक

काही वर्षांमागे परतवारीच्या दिवशी आमच्या लहानशा दिंडीने सेनगाव तालुक्यातील अकरा मुलांस दप्तरे, वह्या आणि कंपासपेट्या वाटल्या. मंडप घातला, नारळ दिले, फोटो निघाले. आम्हीही दोन शब्द बोललो. बोलताना 'विद्यादान' हा शब्द चार-पाच वेळा तरी तोंडी आला असेल. पोरं एकेक करून वर आली, पाया पडली, दप्तर घेऊन खाली गेली. आम्ही समाधानाने घरी आलो.

पुढे फाल्गुनात काही कामानिमित्त त्यांतल्याच एका वस्तीवर जाणे झाले. सहज विचारले, "आपला पाचवीतला गडी कुठं आहे?" त्याची आजी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "तो कारखान्याला गेला की महाराज, दिवाळी झाल्याबरोबर. मायबापासंगं."

आम्ही म्हटले, "अहो आजी, पण आम्ही तर त्याला दप्तर दिलं होतं."

"दिलंत, लई चांगलं केलंत. त्याच्यातच तर भाकरी बांधून दिली त्याला. पण माय-बाप गेल्यावर लेकरानं इथं खावं काय? माझ्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला करून घालावं कोणी?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. नंतर चौकशी केली तेव्हा अकरांपैकी चार मुले ऊसतोडीच्या फडावर गेलेली निघाली. त्यांना शाळेत ठेवण्यास काय लागते, हे दप्तर देण्यापूर्वी आम्ही कोणासही विचारले नव्हते.

मूल शाळेतून का जाते

ज्या वाचकांस ऊसतोडीची माहिती नसेल त्यांच्याकरिता थोडे खुलासेवार लिहितो. मराठवाड्यातील कोरडवाहू भागांतून, त्यात आमचा हिंगोली जिल्हाही आला, दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात साखर कारखान्यांकडे जातात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब असतो. उचल फिटेपर्यंत जोडीला मागे फिरता येत नाही. परतणे होते ते चैत्राच्या आगेमागे, कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे.

आता शाळेचे वर्ष पाहा. ते जूनच्या मध्यावर सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते. म्हणजे फडावर गेलेल्या मुलाचे निम्म्याहून अधिक वर्ष बुडते. फडावर ते नुसते बसूनही राहत नाही. धाकट्या भावंडास सांभाळते, बैलांसाठी वाढे गोळा करते, पाणी आणते. एक वर्ष असे गेले की वर्गातले कळेनासे होते, दुसऱ्या वर्षी शाळेची लाज वाटू लागते, आणि तिसऱ्या वर्षी नाव फक्त पटावर राहते.

शाळेत फी लागते म्हणून ही मुले जात नाहीत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलांस शिक्षण मोफत आहे. सरकारी शाळांत पाठ्यपुस्तके मिळतात, दुपारचे जेवणही मिळते. परंतु संध्याकाळची भाकरी, रात्रीचा आसरा, आणि आजारी पडले तर कपाळावर हात ठेवणारे माणूस, ही तीन कायद्याने मिळत नाहीत. मूल जाते ते या तिहींच्या अभावी.

संतांच्या घरचा दाखला

नामदेवरायांच्या चरित्रातील एक प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी थापटून पाहिले तेव्हा नामदेव कच्चे मडके ठरले आणि त्यांना विसोबा खेचरांकडे औंढा नागनाथास जावे लागले. देव ज्यांच्याशी बोलत होता असे आपण मानतो, त्यांनाही शिकविणाऱ्याची गरज पडली, आणि ती आपल्याच जिल्ह्यात पुरी झाली. मग ज्या लेकराशी धड कोणी बोलत नाही, त्याला शिक्षकाची गरज किती असेल?

दुसरा दाखला जनाबाईंचा. शेजारच्या गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि तेथेच वाढली. परक्या घरी वाढलेले लेकरू केवढे मोठे होऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण नाही. मात्र येथे सावध राहावे. जनाबाई त्या घरी दासी म्हणून राबल्या. त्यांची थोरवी त्यांच्या भक्तीची आहे, त्यांच्याकडून करून घेतलेल्या दळण-कांडणाची नव्हे. 'लेकरू शिकवितो' म्हणून घरी आणावे आणि त्याला भांडी-गुरांच्या कामास जुंपावे, असे आम्ही पाहिले आहे. त्यास जनाबाईंचे नाव देऊ नये.

जुनी रीत

दुसऱ्याच्या मुलाचे शिक्षण चालविणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. वार लावून जेवणे आणि माधुकरी या रीतींवर कित्येक पिढ्या शिकल्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात घरांत मिळून एक मूल शिके. पुण्याचे अनाथ विद्यार्थी गृह १९०९ साली निघाले ते माधुकरीच्या बळावरच. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तेथील विद्यार्थ्यांसही आळंदीकरांच्या घरांनीच अन्न दिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहिली व एका पंगतीस जेवली. अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडून मुलांना खाऊ घातले. गाडगेबाबांनी बांधलेली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यांतील गरीब मुलांस राहण्या-जेवण्याची सोय करून देते. बीड जिल्ह्यातील आर्वीचे शांतिवन तर ऊसतोड कामगारांच्याच मुलांना सांभाळते.

परदेशांतही ही रीत आहे. स्पेनमधील यादवी युद्धाच्या वेळी, १९३७ साली, एकेका निराधार मुलामागे एकेक पालक जोडून देण्याचे काम सुरू झाले, आणि त्यातून पुढे मोठी संस्था उभी राहिली. दूरदेशीचा मनुष्य दरमहा पैसे पाठवितो, मूल पत्र लिहिते, असा तो क्रम. याने खरोखर काही होते का, याचाही अभ्यास झाला आहे. भारतासह सहा देशांतील, अशाच एका संस्थेची मदत मिळालेल्या मुलांची पुढे मोठेपणी पाहणी केली, तेव्हा ती इतरांपेक्षा सुमारे एक ते दीड वर्ष अधिक शिकलेली आढळली. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ही मदत एका दिवसाची नव्हती, वर्षानुवर्षे चाललेली होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

चार वाऱ्या, चार चौकश्या

आता प्रत्यक्ष काय करावे? आपल्या वर्षात पंढरीच्या चार वाऱ्या आहेत. त्याच चार वेळी आपण पत्करलेल्या लेकराची चौकशी करावी, म्हणजे विसर पडणार नाही.

आषाढी. शाळा नुकतीच सुरू झालेली असते. परतवारीस संकल्प करावा, पण आधी मुख्याध्यापक आणि मुलाचे आई-बाप यांना विचारून. या हंगामात कोण जाणार, मागे घरी कोण राहणार, हे त्याच वेळी कळते.

कार्तिकी. हीच खरी कसोटी. कुटुंबे निघतात ती कार्तिकीच्या आगेमागे. म्हणून दसऱ्याच्या आतच मुलाच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था लावावी. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती आपल्या गावी सुरू झाली की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीस विचारावे आणि नसेल तर मागणी करावी. आजी-आजोबा घरी असतील तर मूल त्यांच्यापाशीच राहू द्यावे आणि शिधा पोचवावा. इतके करूनही मूल आई-बापांबरोबर निघालेच, तर शाळेकडून त्याचे शिक्षण हमी कार्ड घेऊन द्यावे, म्हणजे जेथे जाईल तेथील शाळेत त्याला बसता येते.

माघी. या वेळी दात्याचा उत्साह ओसरलेला असतो आणि लेकराला आईची आठवण फार येते. पैसे पाठवून भागत नाही, जाऊन भेटावे. वही पाहावी, वाचून घ्यावे, जमल्यास फडावरच्या आई-बापांशी फोनवर बोलणे करून द्यावे.

चैत्री. आई-बाप परततात, परीक्षा होते, आणि लग्नसराई लागते. आठवी झालेल्या मुलीची या वेळी विशेष काळजी घ्यावी. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे कायद्याने गुन्हा आहे. कानावर आले तर गप्प बसू नये, १०९८ या क्रमांकावर कळवावे. पुढची शाळा परगावी असेल तर मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो, हे तिच्या घरी सांगावे. ज्यांचे वडील किंवा आई वारली अशा मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम दरमहा २२५० रुपये करण्यात आली. अर्ज भरून देणे हेही शिक्षण चालविण्यासारखेच आहे, कारण कागदपत्रे जमवितानाच गरीब थकतो.

शंका आणि समाधान

कोणी म्हणतील, "अन्नदान सर्वांत श्रेष्ठ, मग पंगत बंद करावी काय?" मुळीच नाही. हेही अन्नदानच आहे. हिशेब करून पाहा. एका लेकरास दोन वेळचे मिळून अर्धा किलो धान्य धरले तर १८० दिवसांस ९० किलो होते, म्हणजे क्विंटलाच्याही आत. दिंडीतील तीस घरांनी वाटून घेतले तर घरटी ३ किलो. तेल-मीठ, डाळ, साबण यांचा खर्च वेगळा धरला तरी एका सप्ताहाच्या मंडपाहून तो जास्त होईल असे आम्हांस वाटत नाही.

दुसरी शंका, "पैसे योग्य ठिकाणी जातात कशावरून?" शंका रास्त आहे. म्हणून रोकड मुलाच्या हाती किंवा मध्यस्थाच्या खिशात देऊ नये. शिधा, वसतिगृहाचा खर्च, पुस्तके असे द्यावे, पावती घ्यावी आणि हिशेब सर्वांसमोर वाचावा. संस्थेला द्यावयाचे असेल तर आधी तेथे जाऊन मुलांबरोबर जेवून यावे. तेथली पंगतच पुष्कळ सांगून जाते.

तिसरी शंका आमच्या एका जुन्या टाळकऱ्याने काढली. "आपण शिकवतो, तर त्यानं माळ घालावी, एवढी अट तरी ठेवायला काय हरकत?" आमचे उत्तर असे की, हरकत आहे. माळ मनाने घालावयाची असते, भाकरीच्या बदल्यात नव्हे. जात विचारू नये, अट घालू नये, व्यासपीठावर उभे करून पाया पडावयास लावू नये. फोटोही काढू नये. आमच्या त्या अकरा मुलांचे फोटो आमच्यापाशी अजून आहेत. ते काढून पाहण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

अखेर

त्या पाचवीतल्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. चैत्रात तो परतला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. आजीच्या शेजारच्या घरातील बाईने दोन वेळा करून घालण्याचे कबूल केले, शिधा आमच्या दिंडीने द्यावयाचा ठरला. पुढच्या दिवाळीस आई-बाप गेले आणि तो राहिला. बुडालेले वर्ष भरून काढताना त्याला फार जड गेले. त्याच्या गुरुजींनी शाळा सुटल्यावर बसवून घेतले, त्यांचे श्रेय मोठे. आता तो नववीत आहे. उरलेल्या तिघांपैकी दोघे शाळेत आले, आणि एक मुलगी आली नाही. तिच्याकडे आम्ही उशिरा गेलो.

म्हणून सज्जनहो, येत्या परतवारीस अकरा लेकरे पत्करू नका. एकच पत्करा, आणि दहावीपर्यंत सोडू नका. वारीला निघताना आपण घरी सांगून निघतो की अमुक दिवशी परत येऊ. त्या लेकरालाही तसेच सांगा, की कार्तिकीला येऊ, माघीला येऊ. आणि सांगितल्याप्रमाणे जा.

रामकृष्ण हरि.