नाथसागराचे सत्तावीस दरवाजे

पैठणला शाळांच्या सहली नेहमी जातात. तेथे गोदावरीवर जायकवाडीचे मातीचे धरण आहे. १९६५ साली त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली ते पुरे झाले. धरणाची लांबी सुमारे दहा किलोमीटर. पण निरखून पाहावेत ते सांडव्यावरचे २७ पोलादी दरवाजे.

प्रत्येक दरवाजा सुमारे साडेबारा मीटर रुंद व आठ मीटर उंच आहे. जलाशय काठोकाठ भरला म्हणजे एका दरवाजावर पाण्याचा रेटा किती पडत असेल? पृष्ठभागी दाब शून्य, तळाशी आठ मीटर खोलीचा. सरासरी चार मीटरचा, म्हणजे दर चौरस मीटरला चार टन. क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. एकूण रेटा ४०० टन! सपाट दरवाजा खाचांतून वर ओढायचा तर या रेट्यामुळे होणारे घर्षणच भारी पडेल. म्हणून दरवाजाचा पत्रा वर्तुळकंसासारखा वाकवलेला असतो आणि त्या वर्तुळाच्या मध्यावर बिजागरी असते. पाण्याचा दाब पृष्ठभागाला लंब असतो. तेव्हा सारा रेटा बिजागरीतून जातो, दरवाजा फिरवू शकत नाही. सायकलचे चाक अधांतरी धरून टायर आसाच्या दिशेने दाबून पाहा. चाक फिरणार नाही. उचलणाऱ्या यंत्रावर भार राहतो तो मुख्यतः दरवाजाच्या वजनाचा.

असेच वक्र दरवाजे लंडनला थेम्स नदीवर आहेत, पण ते समुद्राला अडवतात. जानेवारी १९५३ च्या अखेरीस उत्तर समुद्रात वादळ झाले. वाऱ्याने लोटलेले पाणी भरतीबरोबर किनाऱ्यावर चढले. इंग्लंडात ३०० हून अधिक आणि हॉलंडात १,८०० हून अधिक माणसे दगावली. पुढे १९८२ मध्ये थेम्सवरचा हा अडसर तयार झाला. त्याचे ६१ मीटर रुंदीचे चार मोठे दरवाजे एरवी नदीच्या तळाशी पडून असतात, जहाजे वरून जातात. धोक्याची सूचना मिळाली की ते फिरवून उभे करतात.

समुद्र अडवला, पण नदीचे पाणी कोठे जावे? म्हणून भरती चढण्याची वाट न पाहता ओहोटी संपताच दरवाजे बंद करतात. तेव्हा पात्र उतरलेले असते, आणि वरून येणाऱ्या पाण्याला काही तास जागा मिळते.

पैठणला समुद्र नाही, पण प्रश्न जागेचाच आहे. ऑगस्ट २००६ मध्ये सेकंदाला सुमारे अडीच लाख घनफूट पाणी सोडावे लागले आणि पैठण शहरात पूर शिरला. दरवाजे लवकर उघडावेत, तर दुष्काळी मराठवाड्याच्या हक्काचे पाणी वाहून जाते. उशीर करावा, तर खालची गावे बुडतात. म्हणून पावसाळ्यातील कोणत्या तारखेला जलाशयात किती पाणी ठेवावे याचे कोष्टक ठरवलेले असते. सहलीला गेलात तर तेथील अभियंत्यांकडून ते समजून घ्या आणि त्या दिवसाची पातळी त्याच्याशी ताडून पाहा.