इंग्रजीची चव्वेचाळीस अक्षरे

‘क’ या अक्षराचा आवाज काय? ‘क’. कणसातला ‘क’ तोच. नाकातला ‘क’ तोच. कचेरीच्या कागदावरचा ‘क’ही तोच. अक्षर एकदा ओळखीचे झाले, की ते कुठेही भेटो, ते आपला आवाज बदलत नाही. म्हणूनच अक्षरे आणि बाराखडी पक्की झाली, की कधी न पाहिलेला शब्दही आपण वाचतो. अर्थ कळो वा न कळो, वाचता येतो.

इंग्रजीचे तसे नाही.

इंग्रजीत अक्षरे अवघी सव्वीस. पुष्कळांना वाटते, एवढी पाठ केली की झाले! माणूस नेटाने पाठ करतो. मग एखाद्या पाटीपुढे उभा राहतो आणि तिथेच घोडे अडते. ‘आपल्याच्याने हे होणार नाही’ असे म्हणून तो पाटी खाली ठेवतो.

मंडळी, असे म्हणण्याआधी हा धडा वाचा.

अक्षर एक, आवाज अनेक

बी, यू, एस. झाला शब्द ‘बस’. आपली एस.टी.ची बस. आता याच अक्षरांपुढे ‘वाय’ लिहा. बी, यू, एस, वाय. आता हा शब्द ‘बसी’ व्हायला हवा. पण इंग्रज त्याला ‘बिझी’ म्हणतात. बिझी म्हणजे कामात गुंतलेला.

बी, यू, टी म्हणजे ‘बट’. पी, यू, टी म्हणजे मात्र ‘पुट’.

घरातला ‘लाईट’ घ्या. एल, आय, जी, एच, टी. यातले जी आणि एच तोंडातून बाहेर पडतच नाहीत. ‘नाईफ’ म्हणजे चाकू. के, एन, आय, एफ, ई. यातला के मुका आहे.

कुणी विचारील, “अहो, बोलायचंच नाही, तर लिहायचं कशाला?”

प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर जुने आहे. काही शतकांपूर्वी इंग्रज लोक ‘नाईफ’ मधला के खरोखरच उच्चारीत. ‘लाईट’ म्हणताना ते घशातून ‘ख’ सारखा आवाज काढीत. १४७६ साली विल्यम कॅक्स्टन याने इंग्लंडात पहिला छापखाना घातला. छापील पुस्तके वाढली, तशी शब्द लिहिण्याची रीत हळूहळू ठरून गेली. लोकांच्या तोंडची बोली मात्र बदलत राहिली. लिहिणे जागच्या जागी राहिले, बोलणे पुढे निघून गेले. शिवाय फ्रेंच, लॅटिन अशा भाषांतून शब्द आले. ते आपापली रीत घेऊन आले.

आणखी एक अडचण आहे. इंग्रजी बोलण्यात सुमारे चव्वेचाळीस वेगवेगळे आवाज आहेत. अक्षरे मात्र सव्वीस. चव्वेचाळीस माणसे आणि सव्वीस घोंगड्या! मग एका घोंगडीत दोघा-तिघांनी झोपायचे, असे झाले.

पिटमन साहेबांची युक्ती

ही अडचण आपल्यालाच येते असे नाही. इंग्रजांच्या मुलांनाही येते. भाषा त्यांची, आईच्या तोंडून शिकलेली. तरी वाचायला बसले की तीही अडखळतात.

इंग्लंडात सर जेम्स पिटमन नावाचे गृहस्थ होते. ते पार्लमेंटचे सभासद होते. त्यांचे आजोबा आयझॅक पिटमन. आजोबांनी १८३७ साली भरभर लिहिण्याची एक लिपी प्रसिद्ध केली. तिलाच शॉर्टहँड किंवा लघुलिपी म्हणतात. साहेब बोलतो आणि कारकून रेघोट्या मारीत तितक्याच वेगाने लिहून घेतो, ती ही विद्या. आजोबांची लिपी आवाजावरून लिहायची होती. नातवाने तोच विचार मुलांच्या वाचनासाठी केला.

जेम्स पिटमन म्हणाले, मुलांना आधी सरळ रस्त्याने चालू द्या. काटेरी रस्ता मागून दाखवा. म्हणून त्यांनी चव्वेचाळीस अक्षरांची नवी माला तयार केली. तिचे नाव ‘इनिशियल टीचिंग अल्फाबेट’, म्हणजे सुरुवातीला शिकवायची अक्षरमाला. थोडक्यात तिला आय.टी.ए. म्हणत.

जुन्या सव्वीस अक्षरांपैकी क्यू आणि एक्स ही दोन त्यांनी गाळली. चोवीस ठेवली. वीस नवी केली. नवी अक्षरे बहुतेक जुनीच दोन जोडून केलेली होती. आपण जोडाक्षर लिहितो ना, तसेच. ‘श’ या आवाजाला इंग्रजीत एस आणि एच अशी दोन अक्षरे लागतात. पिटमन यांनी दोन्ही जोडून एकच अक्षर केले. टी आणि एच या जोडीचा उच्चार कधी ‘थ’ होतो, कधी ‘द’ होतो. त्यांनी दोन आवाजांना दोन वेगळी अक्षरे दिली.

नेहमीच्या इंग्रजीत मोठी लिपी वेगळी, लहान लिपी वेगळी. म्हणजे मुलाने एका अक्षराची दोन रूपे शिकायची. पिटमन यांनी एकच रूप ठेवले. मोठे अक्षर हवे असेल तर तेच जरा मोठे काढायचे.

पण ही अक्षरे कायमची नव्हती, हे नीट लक्षात घ्या. मुलाने दोन-एक वर्षे ती वापरायची आणि मग नेहमीच्या इंग्रजीकडे जायचे, असा बेत होता. म्हणून नव्या अक्षरांचा वरचा भाग जुन्या अक्षरांसारखा दिसेल, अशी काळजी घेतली होती. सी आणि के या दोघांचा आवाज ‘क’ असला, तरी दोन्ही ठेवले होते. पुढे ओळख पटायला सोपे जावे, हा हेतू.

शाळेत काय झाले

१९६१ च्या सप्टेंबरात इंग्लंडातील काही शाळांत ही अक्षरे शिकवायला सुरुवात झाली. मुले चार-पाच वर्षांची होती. काम पाहत होते लंडन विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेतील जॉन डाऊनिंग. त्यांनी चांगली तुलना केली. एकाच पुस्तकमालेचे धडे काही वर्गांत नव्या अक्षरांत दिले, तर काही वर्गांत जुन्या अक्षरांत दिले.

नव्या अक्षरांची मुले भराभर वाचू लागली. लिहूही लागली. आवाज आला की अक्षर आठवायचे आणि लिहायचे. चुकण्याची भीती नव्हती. लहान लहान मुले मनातल्या गोष्टी पानभर लिहू लागली. शिक्षकांना हुरूप आला. पुष्कळ शाळांनी ही रीत उचलली. १९६३ पासून अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेथलेहेम गावीही ती सुरू झाली.

मग पलीकडे जायचा दिवस आला.

मूल सातेक वर्षांचे झाले, की त्याच्या हातात नेहमीच्या अक्षरांचे पुस्तक येई. काही मुले सहज पुढे गेली. काही मात्र अडली. कालपर्यंत घडाघडा वाचणारे पोर आज पुन्हा चाचपडू लागले. ‘नाईफ’ मध्ये के कुठून आला, ‘लाईट’ मध्ये जी आणि एच कुठून आले, हे त्याला उमगेना. डाऊनिंग यांनाही हीच गोष्ट दिसली. नव्या अक्षरांत मिळवलेली आघाडी अक्षरे बदलताना घटत होती. चार-पाच वर्षांनी पाहावे तर दोन्ही बाजूंची बहुतेक मुले सारखीच वाचत होती.

इतर अडचणीही होत्या. शाळेत एक लिपी आणि रस्त्यावर दुसरी. दुकानाची पाटी, वर्तमानपत्र, घरातले पुस्तक, सारे जुन्या अक्षरांत. मुलाने लिहिलेले आईबापांना नीट वाचता येईना. बापाची बदली झाली, की नव्या गावच्या शाळेत ती अक्षरे कुणालाच ठाऊक नसत. बोलीचाही घोटाळा होता. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, तशी तिकडेही बदलते. अक्षरे मात्र एकाच धर्तीच्या उच्चारांवर बेतलेली. उत्तरेकडच्या मुलाच्या तोंडी आवाज एक आणि पुस्तकात दुसरा.

१९७५ साली इंग्लंडात बुलक समितीचा मोठा अहवाल निघाला. तेव्हा लहान मुलांच्या सुमारे दहापैकी एका शाळेत ही अक्षरे चालू होती. पुढे तीही बंद होत गेली. त्या शाळांतून शिकलेली माणसे आता म्हातारी होत आली आहेत. कुणी म्हणतात, “आम्हाला लिहिताना अजून चुका होतात. ते त्या अक्षरांमुळेच.” कुणी म्हणतात, “ती अक्षरे नसती, तर आम्ही वाचायला शिकलोच नसतो.”

भोपळा आणि विहीर

विहिरीत पोहायला शिकवताना मुलाच्या पाठीला सुका भोपळा बांधतात. भोपळ्याने मूल बुडत नाही. पाण्याची भीती जाते. हातपाय मारायला येतात. भोपळा चांगलाच. पण भोपळ्याच्या जोरावर तरंगणे म्हणजे पोहणे नव्हे. एक दिवस तो सोडावा लागतो. शहाणा शिकवणारा तो एकदम सोडत नाही. तो जवळ उभा राहतो आणि हळूहळू सवय करतो.

पिटमन यांचा भोपळा चांगला होता. तो सोडण्याची तयारी मात्र सगळीकडे सारखी झाली नाही. त्यात ज्या मुलांना गटांगळ्या खाव्या लागल्या, त्यांचा काहीच दोष नव्हता.

आपला भोपळा

आपल्याला चव्वेचाळीस नव्या अक्षरांची गरज नाही. आपल्याजवळ देवनागरी आहे. आवाज लिहून ठेवायला ती फार सोयीची. तिच्यातही थोडे खाचखळगे आहेत. ‘चार चाके’ म्हणून पाहा. दोन्ही ठिकाणी ‘च’ लिहिला, पण आवाज दोन निघाले. तरी इंग्रजीपेक्षा आपली वाट पुष्कळ सरळ.

इंग्रजी शब्द आले, तेव्हा आपणही पिटमन यांच्यासारखेच केले. ‘बॅट’ आणि ‘डॉक्टर’ हे शब्द पाहा. त्यांच्या डोक्यावर अर्धचंद्र आहे. तो इंग्रजी आवाज लिहिण्यासाठीच मराठीत आला.

तेव्हा इंग्रजी शब्द शिकताना असे करा:

१. पाटीवरचा किंवा डब्यावरचा शब्द जसाच्या तसा वहीत उतरवा.

२. जाणत्याला उच्चार विचारा. तो देवनागरीत शेजारी लिहा. अर्थही लिहा.

३. रोज तो शब्द पाहा. दोन-चार दिवसांनी देवनागरी उच्चारावर हात ठेवा आणि नुसता इंग्रजी शब्द वाचा.

४. मग दोन्ही झाका. शब्द आठवून लिहा. मुकी अक्षरे विसरू नका.

तिसरी आणि चौथी पायरी म्हणजे भोपळा सोडणे. ती टाळू नका. उच्चार नेहमी शेजारी लिहिलेला राहिला, तर डोळा त्याच्याकडेच जाईल. बाजारात पाटीशेजारी उच्चार कोण लिहून ठेवणार?

दोन शब्द आजच शिका. विजेच्या खांबावर कवटीच्या चित्राजवळ पुष्कळदा एक शब्द असतो. डी, ए, एन, जी, ई, आर. अक्षरे जुळवून वाचणारा ‘डँगर’ म्हणेल. तो शब्द ‘डेंजर’ आहे. डेंजर म्हणजे धोका. दुसरा शब्द अतिविषारी कीटकनाशकाच्या डब्यावर, लाल अक्षरांत असतो. पी, ओ, आय, एस, ओ, एन. तो ‘पॉयझन’. पॉयझन म्हणजे विष. इथे एसचा आवाज ‘झ’ झाला आहे. हे दोन शब्द उच्चार झाकून ओळखता आले, तर एखाद्या दिवशी घरातल्या कुणाचा जीव वाचेल.

इंग्रजी वाचताना अडलात, तर आपले डोके मंद आहे असे मानू नका. ज्यांची ती भाषा, त्यांनाही ती वळणे एकेक करून पाठ करावी लागतात. आपणही एकेक शब्द घेऊ. आज दोन झाले.

सराव

१. ‘लाईट’ या शब्दात कोणती दोन अक्षरे मुकी आहेत?

२. पिटमन यांच्या मालेत अक्षरे किती होती? जुनी किती? नवी किती?

३. ती अक्षरे शिकलेल्या मुलांना पुढे कोणती अडचण आली?

४. तुमच्या गावातील इंग्रजी पाट्या पाहा. पाच शब्द वहीत उतरवा. शेजारी उच्चार लिहा. आठ दिवसांनी उच्चार झाकून वाचा.