गळक्या कॅम्परची दुरुस्ती

पावसाळाभर झाकून ठेवलेल्या जुन्या कॅम्परचं दार उघडलंत आणि कुबट वास आला? खिडकीखालचा प्लाय फुगलाय, बोट दाबलं की आत जातंय? घाबरू नका, हे आपल्याला घरच्या घरी जमणार आहे. फक्त दसरा होऊन ऊन तापू द्या आणि दोन आठवडे हाताशी ठेवा. हाताचं काम दोन-तीन दिवसांचंच, बाकीचे दिवस वाळवणाचे.

जवळ घ्या: टोचा, पत्र्याची खरवडणी, वायर ब्रश, झिंक प्रायमर, पीयू सीलंट, 6 मिमी मरीन प्लाय, एपॉक्सी, 316 ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू, बोरॅक्स, बोरिक ॲसिड, मास्क आणि हातमोजे. प्लायवर ‘आयएस 710’ शिक्का बघूनच पैसे द्या. साधे स्क्रू मात्र आणू नका. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ते लवकर गंजतात.

1. गाडी सपाट, उन्हाच्या जागी लावा. माडाखाली नको, वरून नारळ आला तर छताला नवा पोचा.

2. गॅस सिलिंडर बाहेर काढा.

3. वीज तोडा. छतावर सोलर असेल तर आधी त्याची वायर, मग बॅटरीची निगेटिव्ह. भिंतीमागून वायरी गेलेल्या असतात, टोचा चुकून लागला तर ठिणगी उडते.

4. भिंत आणि जमीन बोटाच्या पेराने ठोकत चला. चांगला प्लाय टणटण वाजतो, कुजलेला बदबद. बदबद येईल तिथे टोचा लावा. लोण्यात गेल्यासारखा शिरला तर खडूने खूण करा.

5. आता पाण्याची वाट शोधा. घाई नेमकी इथेच होते. ओल खिडकीखाली दिसते म्हणून खिडकीच गळते असं धरू नका. छतावरच्या पंख्याच्या चौकटीतून शिरलेलं पाणी पन्हळीसारखं आतल्या पट्टीवरून वाहत दोन हात लांब उतरतं. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडायचं. सुरुवात खालून, एकेका जागी पाच मिनिटं, मग वर. वरून सुरू केलंत तर सगळंच भिजेल आणि काही कळणार नाही. किनाऱ्याजवळ विहिरीचं पाणी मचूळ लागत असेल तर ते वापरू नका, गोडं पाणी आणा.

6. गळत्या जोडावरचं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा. जुन्यावर नवं चिकटत नाही, महिन्याभरात साल सुटते.

7. उघड्या पत्र्यावरचा गंज वायर ब्रशने चकाकी येईपर्यंत घासा. सीटबेल्टच्या बोल्टभोवती किंवा चासीला गंजाचं भोक दिसलं तर थांबा. ते काम वेल्डरचं.

8. झिंक प्रायमरचा हात द्या आणि पूर्ण वाळू द्या.

9. जोडात पीयू सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर वापरू नका, त्याखाली गंज धरतो.

10. दोन दिवस हात लावू नका.

11. मास्क लावून कुजलेला प्लाय कापा, खडूच्या खुणेबाहेर चार बोटं, टणक लाकूड लागेपर्यंत. करवत प्लायच्या जाडीपेक्षा खोल नेऊ नका, मागे वायरी आहेत. निघालेला तुकडा फेकू नका, नव्या प्लायला साचा म्हणून लागेल.

12. भिंत उघडी असतानाच पाचवी पायरी पुन्हा करा. एक थेंब जरी आला तरी परत सहावीवर जा.

13. आतला पत्रा आणि लाकडी पट्ट्या गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने तीनदा पुसा. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं आणि पट्टी कधीच वाळत नाही.

14. आता वाळवा. सकाळी दहाला दारं-खिडक्या उघडा, चारला बंद करा. रात्री उघडं ठेवलंत तर दव आत येतं. पाच-सात दिवसांनी लाकडावर प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवा. सकाळी त्याच्या आतून धुकं दिसलं तर अजून दोन दिवस. हाताला कोरडं लागतंय म्हणून पुढे जाऊ नका. हात फसवतो, प्लास्टिक नाही.

15. एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ब्रशने पट्ट्यांना लावा. बुरशी आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. हातमोजे घाला, भांडं स्वयंपाकात परत नेऊ नका.

16. एक दिवस वाळू द्या.

17. साच्यावरून नवा प्लाय कापा, तळाशी 3 मिमी फट ठेवून. जमिनीला टेकलेला प्लाय वातीसारखा पाणी ओढतो.

18. प्लायच्या चारी कडांना एपॉक्सीचे दोन हात द्या. पाणी कडेतूनच शिरतं, म्हणून हे काम टाळू नका.

19. एपॉक्सी कडक झाल्यावर बारीक भोकं पाडून प्लाय स्क्रूने बसवा. स्क्रू फार आवळले तर प्लायचे थर फाटतात.

20. आधी बॅटरी, मग सोलर जोडा.

21. मिरगाच्या आठवडाभर आधी छतावरच्या प्रत्येक जोडावरून नख फिरवा. नख अडकलं तर त्याच दिवशी तेवढा जोड खरवडून पुन्हा भरा.