वांग्याच्या ढिगावर चिठ्ठी कोण लावणार?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी आनुवंशिकता शिकवतो. जनुकपरिवर्तित पिकांचा धडा आला की वर्गात हमखास दोन तट पडतात. एका तटाला त्यात विष दिसते, दुसऱ्याला भुकेवरचा उपाय. तास संपला की दोन्ही तटांतील मुले कँटीनमध्ये जाऊन एकाच कढईतली भजी खातात, आणि ते तेल कोणत्या बियांचे हे कोणीच विचारत नाही. मीही कित्येक वर्षे विचारले नव्हते. या विषयाकडे मी पुस्तकाबाहेर पाहू लागलो तो माझ्या मामांमुळे.

मामा बेळगाव तालुक्यात भाजीपाला करतात, त्यात वांगी मुख्य. एकदा मी त्यांच्या मळ्यातून पिशवीभर वांगी तोडू लागलो, तर मामा लांबूनच ओरडले, "त्या सरीतली नको रे, परवाच औषध मारलंय. घरची सरी तिकडं बांधाकडंला आहे." घरासाठी दोन सऱ्या न फवारता ठेवायच्या, किडकी निघाली तर कापून टाकायचा भाग टाकायचा, बाजाराच्या सऱ्यांवर मात्र आठवड्याला फवारणी. मी जरा रागानेच विचारले, की गावाला विष घालता काय? मामा शांतपणे म्हणाले, "भोक पडलेलं वांगं तू तरी घेतोस काय गणपत गल्लीत?"

मी घेत नाही. आपण कोणीच घेत नाही.

वांग्याचा खरा शत्रू म्हणजे शेंडा व फळ पोखरणारी अळी. अंड्यातून बाहेर पडली की काही तासांतच ती कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते आणि मागचे भोक स्वतःच्या विष्ठेने बुजवून टाकते. आत गेलेल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही. म्हणून शेतकरी ती आत जाण्यापूर्वी गाठावी या आशेने पुनःपुन्हा फवारतो. बीटी वांग्याची कल्पना नेमकी इथे बसते. 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' नावाच्या मातीतील जिवाणूचे एक जनुक वांग्यात घातले की झाडच क्राय१एसी हे प्रथिन बनवते. अळीच्या आतड्यातील क्षारधर्मी रसात ते विरघळून कार्यक्षम होते, तेथील विशिष्ट ग्राहकांना चिकटते, आतड्याला भोके पडतात आणि अळी मरते. आपले जठर आम्लधर्मी, आणि ते ग्राहकही आपल्या आतड्यात नाहीत. एक विज्ञानशिक्षक म्हणून सांगतो, या प्रथिनाच्या भीतीने माझी झोप उडत नाही. मामांच्या फवारणीच्या पंपाने मात्र उडते.

मग हे वांगे बाजारात का आले नाही? ही हकीकत आपल्या दाराजवळची आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. जालन्याच्या महिको कंपनीने हे जनुक आपल्या संकरित वाणांत घातले. त्याच वेळी अमेरिकन मदतीच्या एका योजनेखाली ते धारवाडच्या कृषी विद्यापीठालाही मिळाले आणि विद्यापीठाने ते सरळ वाणांत आणले. त्या वाणांची नावे वाचा: कुडची, रबकवी, मलापूर, उडुपी, आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यालाही ओळखीचे मांजरी गोटा. कुडची आपल्याच जिल्ह्यातली! संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. सरळ वाणाचे बी शेतकरी घरी धरू शकतो. व्यापाराचे सगळे गणित या एका फरकात आहे, आणि माझ्या मते वादातील सर्वांत महत्त्वाची गोष्टही हीच होती. पण सभांतून ती फारशी कोणी बोलली नाही. दुसरी बाजूही आहे: हे स्थानिक वाण वापरण्यापूर्वी २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परवानगी घेतली नाही अशी तक्रार २०१० मध्ये झाली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हे वांगे राखले त्यांना कोणी विचारले होते काय, हा प्रश्न मला गैरवाजवी वाटत नाही.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. त्यावर एवढा गदारोळ झाला की तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बंगळूर, हैदराबाद, नागपूर अशा सात शहरांत जाहीर सभा घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. त्याच वर्षी समितीचेही नाव बदलले. 'मान्यता' हा शब्द जाऊन 'मूल्यांकन' आला. चाचण्यांचा बराच भाग कंपनीने स्वतः केलेला किंवा करवून घेतलेला होता, आणि त्यांची माहिती मिळवायला लोकांना माहिती अधिकाराखाली झगडावे लागले होते. आपला माल चांगला असेल तर पिशवीचे तोंड बांधून का ठेवायचे? तिकडे बांगलादेशाने २०१३ मध्ये हेच जनुक असलेल्या चार वाणांना परवानगी दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना रोपे वाटली.

आता कँटीनच्या कढईकडे येऊ. वांगे अडले, पण जनुकपरिवर्तित अन्न आपल्या ताटात नाही असे समजू नका. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातील कापसाखालच्या जमिनीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जमिनीवर तोच आहे. त्याच्या सरकीचे तेल निघते, पेंड म्हशी खातात. सोयाबीनचे तेल अर्जेंटिना-ब्राझीलहून जहाजे भरून येते आणि तिथले सोयाबीन जवळजवळ सगळे जनुकपरिवर्तित. धागा म्हणून आत आलेले पीक तेल होऊन स्वयंपाकघरात शिरले, आणि त्यावर सात शहरांत सभा झाल्या नाहीत.

ग्राहकाला माहितीचा आणि निवडीचा हक्क आहे, हे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मानले, २०१९ च्या नव्या कायद्यानेही मानले. १ जानेवारी २०१३ पासून पाकीटबंद जनुकपरिवर्तित अन्नावर तसे छापावे असा वजनमापे खात्याचा नियमही आहे. तो वाचून मी घरातली तेलाची पाकिटे चष्मा लावून पाहिली. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलीही. हृदयाचे चित्र सापडले, जीवनसत्त्वे सापडली, ती दोन अक्षरे नाहीत.

यात केवळ लबाडी आहे असे म्हणणे सोपे होईल, पण अडचणही खरी आहे. शुद्ध केलेल्या तेलात डीएनए वा प्रथिन जवळपास उरतच नाही. तेव्हा प्रयोगशाळेत तेल तपासून ते कोणत्या बियांचे हे सांगणे अवघड. युरोपात २००४ पासून त्यावरही चिठ्ठी लागते, कारण तिथे मालाबरोबर कागद चालतो: शेतापासून गिरणीपर्यंत, गिरणीपासून दुकानापर्यंत प्रत्येकाने लिहून द्यायचे. आपल्याकडे दहा शेतकऱ्यांची सरकी एकाच ट्रॉलीत पडते. कागद ठेवायचा तर खर्च येणार, आणि तो अखेर तेलाच्या भावात दिसणार. ग्राहक म्हणून मी तो द्यायला तयार आहे. पण माझा पगार प्राध्यापकाचा आहे आणि मामांच्या मळ्यात रोजावर येणाऱ्या बाईचा नाही, हेही मला कळते.

आणि वांगे तर पाकिटात येतच नाही. ढिगात येते, पाटीतून येते, तागडीत पडते. नियम पाकिटापुरता, ढिगावर चिठ्ठी कोण लावणार? उद्या बीटी वांगे आले तर अडत्याकडे दोन्ही एकत्र होणार, म्हणजे निवड करण्याचा हक्क कागदावरच राहणार. दुसरा धोका शेतकऱ्याच्या बाजूचा. कापसाच्या पहिल्या बीटी वाणाला गुलाबी बोंडअळी गुजरातेत दाद देईना, हे कंपनीनेच २०१० मध्ये कबूल केले. भोवती साध्या पिकाचा पट्टा लावायचा नियम फार थोड्यांनी पाळला होता. एक-दोन एकरांच्या वांग्याच्या मळ्यात तो कोण पाळील?

हे सगळे मी गेल्या दिवाळीत मामांना सांगितले. कीड लागलेले शेंडे खुडणे, कामगंध सापळे लावणे, हेही सांगितले. सापळे त्यांनी लावून पाहिले आहेत. "शेजाऱ्यानं लावले नाहीत, त्याची पाखरं माझ्याकडं येत्यात," म्हणाले. मग त्यांनी मलाच विचारले, "ते धारवाडचं बी मिळालं असतं तर मी घेतलं असतं. औषधाचा खर्च तरी वाचला असता. पण पाटीवर तसं लिहून ठेवलं असतं, तर तू घेतलं असतंस काय?"

मी म्हणालो, भाव काय लावाल त्यावर आहे. मामा हसले, आणि बांधाकडच्या सरीतली चार वांगी, त्यातली दोन भोकाची, माझ्या पिशवीत टाकली.