संघीय चर्चामंच : सभासदांनी सुरुवात कशी करावी



उसाचे पान पिवळे पडले की आजकाल कास्तकार आधी मोबाइल काढतो, फोटो घेतो आणि ग्रुपवर टाकतो. पाच मिनिटांत सात जण सात औषधे सांगतात. आठ दिवसांनी दुसऱ्या गावचा सभासद तोच प्रश्न टाकतो आणि पुन्हा सात औषधे येतात. पहिल्याच्या वावरात कोणत्या उपायाने फरक पडला, हे कोणालाच सापडत नाही. ते उत्तर 'शुभ सकाळ'च्या फोटोंच्या ढिगाखाली गेलेले असते. म्हणजे चर्चा रोज होते, पण शिल्लक काही राहत नाही.

ही अडचण आपल्याला इतरांपेक्षा जास्त जाणवते. वर्धा जिल्हा हा मुळात कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. बोर, धामच्या पाण्यावर आणि विहिरींवर जो ऊस उभा आहे तो विखुरलेला आहे. धुऱ्यापलीकडचा शेजारी पऱ्हाटीवाला असतो, त्याला खोडव्याचे काय विचारणार? आणि कोल्हापूर-सांगलीकडचा सल्ला जसाच्या तसा इथे लागू पडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते. सबब, आपला अनुभव आपल्याकडे साठला पाहिजे आणि बाहेरच्यांशी बोलण्याचे दारही उघडे राहिले पाहिजे. ही दोन्ही कामे एकत्र साधणारी एक व्यवस्था आज उपलब्ध आहे. तिला संघीय चर्चामंच म्हणता येईल. तिची ओळख करून देण्यासाठी हा पाठ आहे.

जुना धडा : १९५६ची रेडिओ शेतकरी मंडळे

असा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. सन १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, सातारा आणि कोल्हापूर या भागांतील सुमारे दीडशे गावांत चर्चा मंडळे चालविली. गावातले पंधरा-वीस जण आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर आपसात चर्चा करीत. मंडळाचा चिटणीस चर्चेचा अहवाल व शंका लिहून पुण्याला पाठवी, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. नुसता रेडिओ ऐकणाऱ्या गावांपेक्षा ऐकून चर्चा करणाऱ्या गावांत माहिती जास्त रुजते, असे तीत दिसून आले. पुढे ही योजना देशभर नेण्यात आली.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रत्येक मंडळ आपापल्या गावात स्वतंत्र होते, पण एका गावाला दुसऱ्या गावाशी थेट बोलता येत नव्हते. सगळे पुण्यामार्फत. केंद्र बंद पडले की गावे एकमेकांना मुकी. आजच्या मोबाइलवरही हीच तऱ्हा आहे, फक्त केंद्राच्या जागी एक परदेशी कंपनी आली. दार किती उघडायचे, गटात किती माणसे घ्यायची, कोणाचे खाते बंद करायचे हे ती ठरविते. सन २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले, तेव्हा अनेक भारतीय वापरकर्ते निषेध म्हणून मॅस्टोडॉन नावाच्या संघीय मंचाकडे वळले. सन २०२३ मध्ये रेडिट या अमेरिकी चर्चास्थळाने बाहेरच्या अ‍ॅपवाल्यांना मोठे शुल्क लावले, तेव्हाही बरीच मंडळी लेमी नावाच्या संघीय मंचावर गेली.

संघीय म्हणजे काय?

हे समजायला सहकारी सभासदाला वेळ लागू नये. आपला कारखाना स्वतंत्र आहे. त्याचे सभासद, त्याची उपविधी, त्याचे संचालक मंडळ वेगळे. राज्यात साखर कारखान्यांचा संघ आहे, दिल्लीत राष्ट्रीय महासंघ आहे. पण म्हणून कोणी एक मालक सगळे कारखाने चालवीत नाही. संघीय मंचाचेही असेच आहे. जगभरात हजारो सर्व्हर आहेत. सर्व्हर म्हणजे सतत चालू असलेला, सगळ्यांचा मजकूर सांभाळणारा संगणक. प्रत्येक सर्व्हर कोणीतरी वेगळी व्यक्ती किंवा संस्था चालविते, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे.

मग हे एकमेकांशी बोलतात कसे? बीएसएनएलच्या फोनवरून जिओच्या फोनला कॉल लागतो ना, तसे. दोन्ही कंपन्या निराळ्या, पण कॉल जोडण्याची रीत ठरलेली. इथेही अशी ठरलेली रीत आहे, तिचे नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. ही रीत पाळणारा कोणताही सर्व्हर दुसऱ्याशी बोलू शकतो. मॅस्टोडॉन सन २०१६ मध्ये जर्मनीत सुरू झाले. ते छोट्या संदेशांसाठी ठीक आहे. लेमी सन २०१९ पासून आहे. तिथे विषयवार मंडळे असतात, एका प्रश्नाखाली सगळी उत्तरे ओळीने राहतात आणि नंतर शोधताही येतात. आपल्या कामाला लेमीच जास्त सोयीचे, म्हणून पुढची माहिती त्याचीच दिली आहे.

सेवाग्रामच्या मातीला ही कल्पना परकी नाही. गांधीजींनी सन १९४६ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिताना, खालच्याच्या डोक्यावर वरचा अशा मनोऱ्यासारखी समाजरचना नाकारली होती. पाण्यातील वर्तुळांसारखी, व्यक्ती मध्ये धरून पसरत जाणारी रचना त्यांनी मांडली. संघीय मंचाची मांडणी त्याच अंगाने जाते.

सुरुवातीच्या पायऱ्या

१) सर्व्हर निवडणे. लेमीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सर्व्हरची यादी असते. सर्वांत मोठा तोच चांगला, असे समजू नये. नियम वाचावेत, चालविणारा कोण आहे आणि सर्व्हर किती दिवसांपासून चालू आहे, हे पाहावे. सोसायटीचे सभासद होण्यापूर्वी आपण तिचा कारभार विचारतो, तेच इथे करावे.

२) खाते उघडणे. नाव, ई-मेल आणि पासवर्ड लागतो. काही सर्व्हर 'आपण का येऊ इच्छिता' असे विचारतात आणि चालक अर्ज पाहून मग प्रवेश देतात. त्याला एखादा दिवस लागला तर घाबरू नये. खरे नाव दिलेच पाहिजे असे नाही. खाते मिळाल्यावर आपला पत्ता दोन भागांचा होतो: आधी आपले नाव, मग ते गोल चिन्ह (@), मग सर्व्हरचे नाव. जसे माणसाचे नाव आणि त्याचे गाव. एकाच नावाचे दोघे असले तरी गावावरून ओळखू येतात.

३) भाषा ठरविणे. सेटिंगमध्ये आपल्याला कोणत्या भाषांतील मजकूर हवा हे निवडता येते. मराठी, हिंदी, इंग्रजी निवडावी, आणि 'भाषा न सांगितलेली' हा पर्यायही चालू ठेवावा. तो बंद केला तर बराचसा मजकूर दिसेनासा होतो आणि नवख्याला वाटते की मंच रिकामाच आहे.

४) मंडळे शोधून सदस्य होणे. मुखपृष्ठावर तीन कप्पे असतात: आपण सदस्य असलेल्या मंडळांचे, आपल्या सर्व्हरवरचे आणि सगळीकडचे. सुरुवातीला सगळीकडचे पाहावे, पण आवडलेल्या मंडळांचे सदस्यत्व घेत जावे. दुसऱ्या सर्व्हरवरचे मंडळ सापडत नसेल, तर त्याचा पूर्ण पत्ता शोधपेटीत टाकावा आणि थोडे थांबावे. पहिल्यांदा जोडणी होताना वेळ लागतो, आणि जुना मजकूर सगळा येत नाही.

५) आधी वाचणे, मग बोलणे. पारावर नवा माणूस आला की आधी बसतो, ऐकतो, मग तोंड उघडतो. आठ दिवस तसेच करावे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तिथला बहुतेक मजकूर इंग्रजीत आहे, मराठी बोलणारे थोडे आहेत. आयता भरलेला बाजार मिळेल अशा अपेक्षेने जाल तर परत याल. आपल्यालाच दहा-वीस जणांनी मिळून वर्ध्याच्या उसाचे मंडळ उघडावे लागेल आणि ते चालते ठेवावे लागेल. बरेच सर्व्हर वापरणाऱ्याला मंडळ उघडू देतात. उघडणारा त्याचा पहिला व्यवस्थापक होतो. नियम लिहिणे, वाह्यात मजकूर काढणे हे त्याचे काम. एकावर भार टाकू नये, तिघे असावेत.

प्रश्न कसा विचारावा?

मंच कितीही चांगला असला तरी प्रश्न अर्धवट असेल तर उत्तरही अर्धवटच मिळते. 'ऊस पिवळा पडला, काय करू?' हा प्रश्नच नव्हे. कोवळी पाने शिरांच्या मधे पिवळी-पांढरी पडली तर ती लोहाची कमतरता, म्हणजे आपण ज्याला केवडा म्हणतो ती असू शकते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी पडले असेल. पाणी साचल्याने मुळे गुदमरली तरी पीक पिवळे पडते. आणि ठोंब ओढताच सहज उपटून आले तर खाली हुमणी मुळे खात बसलेली असेल. एकाच रंगाची चार कारणे आहेत आणि चारही उपाय वेगळे आहेत. युरियाने हुमणी मरत नाही.

तेव्हा प्रश्नात येवढे असावेच:

१. गावाचा भाग आणि जमीन: भारी काळी, मध्यम की चुनखडीची.
२. वाण: को ८६०३२, फुले २६५ की दुसरा.
३. लागणीचा महिना; खोडवा असेल तर कितवा.
४. पाणी: पाटाने की ठिबकने, शेवटची पाळी केव्हा दिली.
५. खते व औषधे: काय, किती, कधी दिले.
६. लक्षण: केव्हापासून, सगळ्या वावरात की चट्ट्याचट्ट्यांत, कोवळ्या पानावर की जुन्या.
७. फोटो: पूर्ण ठोंबाचा एक, पानाच्या दोन्ही बाजूंचे, आणि हुमणीचा संशय असेल तर मुळांचा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, जे आपल्या ग्रुपांवर क्वचित होते: उपाय केल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्याच प्रश्नाखाली निकाल लिहावा. फरक पडला तर तसे, नाही पडला तर तसे. पुढच्या वर्षी कोणी तोच प्रश्न शोधेल तेव्हा त्याला सात सल्ले सापडण्यापेक्षा एक पडताळलेला सापडेल. सन २००२ मध्ये महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी तो आटोक्यात आणण्यास मोठी मदत केली. मित्रकीटक कोणाच्या वावरात आहेत हे कळले तर ते दुसऱ्याच्या वावरात नेता येतात; न कळले तर फवाऱ्यात तेही मरतात. अशा वेळी वेळेवर पोचलेली एक नोंद औषधाच्या डब्याइतकी मोलाची ठरते.

सावधगिरी

* मंचावरचे लिखाण उघडे असते. एकदा ते अनेक सर्व्हरवर गेले की आपण पुसले तरी सगळीकडून पुसले जाईलच याची खात्री नसते. लिहिण्यापूर्वी विचार करावा.
* खासगी संदेशसुद्धा कुलूपबंद नसतात; सर्व्हर चालविणारा ते पाहू शकतो. आधार क्रमांक, बँक खाते, सातबारा, ओटीपी यांतले काहीही कोठेही लिहू नये.
* आपण कोणत्या मजकुराला पसंती किंवा नापसंती दिली, तेही सर्व्हर चालविणाऱ्यांना दिसू शकते.
* सर्व्हर बंद पडू शकतो. लेमीवर आपल्या सदस्यत्वांची यादी उतरवून ठेवता येते आणि दुसऱ्या खात्यात भरता येते, पण जुने लिखाण सोबत जात नाही. कामाची उत्तरे वहीत उतरवून ठेवावीत.
* एखादा सर्व्हर दुसऱ्याशी संबंध तोडू शकतो. मग तिकडचा मजकूर आपल्याकडे येत नाही. सर्व्हर विचारपूर्वक निवडायचा तो यासाठीही.
* औषधाचे नाव व मात्रा मंचावरून उचलून सरळ पंपात ओतू नये. डब्यावरचे लेबल वाचावे आणि गटातील ऊस विकास कर्मचाऱ्याला विचारावे.

आपला स्वतःचा सर्व्हर?

हा प्रश्न येणारच. स्वतःचा सर्व्हर म्हणजे स्वतःचा वजनकाटा. खात्री मोठी, पण जबाबदारीही तेवढीच. दरमहा भाडे, जाणकार माणूस, नकलांची सोय आणि भांडणे सोडविणारे व्यवस्थापक लागतात. लेमीची प्रणाली फुकट व खुली आहे, पण ती चालविणे फुकट नाही. म्हणून आज त्या वाटेला जाऊ नये. आधी दुसऱ्याच्या घरी मंडळ चालवून पाहावे. दोन हंगाम ते टिकले, नोंदी साठल्या, तर चार संस्थांनी मिळून सर्व्हर उभारण्याचा विचार करता येईल. सहकारात आपण आधी भागभांडवल गोळा करतो आणि मग धुराडे बांधतो. इथे भांडवल म्हणजे नोंदी.

तरी प्रत्येक गटातून निदान दोन सभासदांनी, शक्यतो घरातील शिकलेल्या मुला-मुलींना सोबत घेऊन, येत्या लागणीच्या हंगामापूर्वी खाते उघडावे आणि आपले नाव गट कार्यालयात कळवावे. ज्यांच्याकडे मोठा मोबाइल नाही त्यांचे प्रश्न या दोघांनी लिहून घ्यावेत व मिळालेले उत्तर त्यांना वाचून दाखवावे. १९५६च्या मंडळांत चिटणीस हेच काम करीत असे. पहिला प्रश्न कोणता घालावा असे कोणी विचारील, तर आमचे सांगणे असे की आपल्या चालू खोडव्याचा घालावा, वर दिलेल्या सातही बाबी लिहून.

— ऊस विकास विभाग