भेटीआधीची धडधड दाबू नका

घरच्यांसमोर पाहण्याचा कार्यक्रम होतो आणि मग दोघांनी रांजणगावच्या महागणपतीला किंवा दौंड स्टेशनजवळच्या एखाद्या हॉटेलात एकमेकांना भेटायचे ठरते. काहींची ओळख घरच्यांना न सांगता कंपनीतच झालेली असते. भेट कशीही ठरो, आदल्या रात्रीपासून छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो आणि हृदयाचे तर काही नाही ना, अशी शंका येते. तरुण, निरोगी माणसात बहुतेक वेळा तसे काही नसते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात उतरते, नाडी वाढते, पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते. समोरची गोष्ट मोलाची वाटते, म्हणूनच शरीर ही तयारी करते. तेव्हा धडधड घालवायच्या मागे लागू नका. ती उत्सुकता आहे असे स्वतःला सांगा आणि तशीच घेऊन भेटीला जा.

ही नुसती समजूत नव्हे. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, भाषणाआधी ‘मला उत्साह वाटतोय’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. भीती आणि उत्सुकता या दोन्हींत नाडी सारखीच धावते. तिला थांबवण्यापेक्षा तिचा अर्थ बदलणे सोपे जाते. कोणी म्हणेल, भाषण वेगळे आणि स्थळ वेगळे. इथे अख्खी भावकी उत्तराची वाट पाहत असते. हे खरे आहे, आणि म्हणूनच पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की मुले घरी परतताच होकार-नकार विचारू नका. त्याला शास्त्रीय कारणही आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या उंच झुलत्या पुलावर एका तरुणीकरवी पुरुषांना गाठले. तिला नंतर फोन करणारे तिथले पुरुष, भक्कम पुलावर भेटलेल्यांपेक्षा जास्त निघाले. भीतीची धडधडही ओढ वाटू शकते. पहिल्या भेटीत काळीज उडाले म्हणून होकार देऊ नये, आणि उडाले नाही म्हणून नकारही देऊ नये. दुसरी, तिसरी भेट होऊ द्या.

रांजणगाव एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून, उपाशीपोटी दोन-तीन कप चहा घेऊन थेट भेटीला गेलात तर धडधड दुप्पट जाणवणारच. आधी झोप घ्या, थोडे खा, आणि निघण्यापूर्वी काही मिनिटे श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. मित्राने दिलेली धडधडीची गोळी मात्र घेऊ नका. अशा गोळीतले प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडू शकते. भेट नसतानाही धडधड होत असेल, वजन घटत असेल किंवा थकवा जात नसेल, तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि भीतीपोटी प्रत्येक भेट टाळली जात असेल, तर तो उपचाराने बरा होणारा चिंतेचा आजार असू शकतो. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते.