हँगर विकत मिळतो, जमीन नाही

प्रश्न : ओहायोतल्या एका छोट्या गावात आम्ही सतरा वर्षे राहतो. चार वर्षांपूर्वी मला खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला आणि दोन मित्रांसोबत भागीदारीत एक जुने सेसना १७२ घेतले. ते उघड्यावर बांधून ठेवावे लागते; गारांचा अंदाज वर्तवला की रात्रभर झोप लागत नाही. आता गावच्या विमानतळावर ‘हँगर विकणे आहे’ अशी पाटी लागली आहे. ५० बाय ४० फुटांचा, किंमत ७२ हजार डॉलर. जमीन नगरपालिकेची, ३० वर्षांच्या पट्ट्याने दिलेली. त्यातली २१ वर्षे संपली. जमिनीचे भाडे चौरस फुटाला वर्षाला ४० सेंट. विकणारे गृहस्थ म्हणतात, पट्ट्याची काळजी नको, नगरपालिका सगळ्यांना वाढवून देते. पत्नी म्हणते, वाशीचा आपला फ्लॅटही सिडकोच्या पट्ट्यावरच आहे, तिथे काय अडले? वकीलबाई, आम्ही हँगर घ्यावा का?

उत्तर : गारांची भीती मी समजू शकते, पण घाई करू नका. पाटीवर ‘हँगर’ लिहिले आहे, तुम्ही मात्र घेणार आहात ती नऊ वर्षे. पट्टा वाचा. त्यात बहुधा असे कलम असेल की मुदत संपली की जमिनीवरचे बांधकाम नगरपालिकेच्या मालकीचे होईल, किंवा भाडेकरूने ते स्वखर्चाने पाडून जागा मोकळी करून द्यावी. दोन्ही कलमे कायदेशीर आहेत आणि सर्रास आढळतात. दुसरे अधिक वाईट, कारण त्यात हँगर तर जातोच, वर पाडण्याचा खर्चही तुमच्या गळ्यात पडतो.

आता हिशेब करू. ७२ हजारांना नऊ वर्षे, म्हणजे वर्षाला आठ हजार. २,००० चौरस फुटांचे जमीनभाडे वर्षाला ८०० डॉलर. झाले ८,८००. त्यात विमा, मालमत्ता कर आणि दाराची मोटर बिघडली तर तिची दुरुस्ती अजून धरलेली नाही. त्याच विमानतळावर तेवढाच हँगर नुसता भाड्याने मिळत असेल तर काय पडतो, ते विचारा. समजा महिना ५०० डॉलर पडत असेल, तर वर्षाचे सहा हजार. त्यातून जमीनभाड्याचे ८०० वजा केले की ५,२०० उरतात, गुणिले नऊ, म्हणजे ४६,८००. विमा आणि कर लक्षात घेता चाळीस हजारांच्या वर एक डॉलरही देण्याचे कारण मला दिसत नाही. विक्रेत्याने २१ वर्षांपूर्वी किती खर्च केला, याच्याशी तुमचा संबंध नाही.

‘नगरपालिका सगळ्यांना वाढवून देते’ हे खरे असेलही. पण ते कोणी दिलेले वचन आहे? विमानतळाच्या व्यवस्थापकाने तोंडी सांगितलेली गोष्ट नगरपालिकेला बांधत नाही. बांधतो तो परिषदेचा ठराव आणि सहीशिक्क्याचा करार. म्हणून तुमचा देकार अटीवर द्या : परिषद तुमच्या नावाने नवा, निदान वीस वर्षांचा पट्टा मंजूर करील तरच खरेदी. त्या बदल्यात छप्पर बदलण्याची, दार नवे बसवण्याची हमी द्या. अशा गुंतवणुकीपोटी गावे मुदत वाढवून देतात. मात्र पन्नास वर्षांची आशा धरू नका. इतका लांब पट्टा म्हणजे जमीन विकल्यातच जमा, असे अमेरिकेचे विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, मानते. बांधकामाचे कर्ज फेडायला ३० ते ३५ वर्षे पुरतात असे त्यांचे मार्गदर्शन आहे.

आणखी एक कागद अवश्य पाहा, जो हँगर घेणारे बहुतेक लोक पाहतच नाहीत : विमानतळाचा मंजूर आराखडा. विमानतळाच्या कार्यालयात मागितला की दाखवतात. तुमच्या हँगरच्या जागेवर भविष्यातला टॅक्सी-वे किंवा विमाने उभी करण्याचा वाढीव एप्रन आखलेला असेल, तर विक्रेत्याचा शब्द कितीही प्रामाणिक असला तरी नूतनीकरण होणार नाही. माझ्याकडे आलेल्या एका दंतवैद्यांनी हा नकाशा खरेदीनंतर सहा महिन्यांनी पाहिला. त्यांच्या हँगरच्या मधोमध तुटक रेषा गेली होती.

वाशीबद्दल. सिडकोचा मूळ पट्टा ६० वर्षांचा असतो, आणि त्यावर हजारो कुटुंबांची घरे आहेत, त्यांच्यामागे संघटित दबाव आहे. तुमच्यामागे फार तर वीस-पंचवीस हँगरवाले असतील. एक साम्य मात्र आहे : फ्लॅट विकताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते, तसेच इथेही. विक्रेता तुम्हाला इमारतीचे विक्रीपत्र देईल, पण पट्ट्याचे हस्तांतरण नगरपालिकेच्या लेखी संमतीशिवाय होत नाही. ती हातात येईपर्यंत चेक देऊ नका. कर्ज काढणार असाल तर बँकही हाच कागद मागेल, आणि कर्जाच्या मुदतीपेक्षा पट्टा लांब आहे ना, हेही पाहील. नऊ वर्षांवर पंधरा वर्षांचे कर्ज कोणी देणार नाही.

शेवटी, पट्ट्यात ‘हा करार केंद्र सरकारशी झालेल्या करारांच्या अधीन राहील’ असे वाक्य असेल. ते नजरेआड करू नका. त्याचा अर्थ पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात येतो.

प्रश्न : आमच्या गावच्या विमानतळालगत नगरपालिकेचीच ४० एकर जमीन पडून आहे. एक कंपनी गोदामासाठी चांगली किंमत द्यायला तयार आहे. त्या पैशातून गावाला ग्रंथालय बांधता येईल. मी परिषदेवर निवडून आलेली सदस्य आहे. जमीन गावाची असताना आमचा वकील म्हणतो की वॉशिंग्टनला विचारावे लागेल. असे का?

उत्तर : तुमचा वकील बरोबर सांगतो. ग्रंथालयाची इच्छा चांगली आहे, पण या पैशातून ते होणार नाही, हे आत्ताच कळलेले बरे.

जमीन गावाच्या हाती कशी आली, हे आधी शोधा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे शेकडो तळ १९४४ च्या अतिरिक्त मालमत्ता कायद्याखाली शहरांना आणि गावांना फुकट मिळाले. मुख्य अट : विमानतळ म्हणून वापरा. त्या अटीला मुदत नाही, आणि मोडली तर जमीन परत घेण्याचा हक्क केंद्राकडे आहे. दुसरी शक्यता, जमीन केंद्राच्या अनुदानातून विकत घेतलेली असेल. १९४६ पासून, आणि १९८२ नंतर विमानतळ सुधारणा कार्यक्रमाखाली, हे अनुदान मिळत आले आहे. धावपट्टीच्या डांबरासाठी अनुदान घेतले तर त्याची बांधिलकी साधारण वीस वर्षांनी संपते. जमिनीसाठी घेतले तर संपत नाही. तिसरी शक्यता, जमीन गावाने स्वतःच्या पैशाने घेतली. तरीही ती विमानतळाच्या आराखड्यात दाखवली असेल तर बंधन येऊ शकते. २०१८ च्या कायद्यातील १६३ व्या कलमाने अशा जमिनीवरचा एफएएचा अधिकार बराच आटोपता घेतला आहे. तुमची जमीन या तिसऱ्या वर्गात बसली तर मार्ग सोपा होईल. म्हणून पहिले काम खरेदीखते काढण्याचे.

पहिल्या दोन वर्गांत बसली, तर एफएएकडून मुक्ती-पत्र घ्यावे लागेल. विमानतळाला ही जमीन पुढे लागणार नाही हे दाखवायचे, मूल्यांकन करून बाजारभावानेच विकायची, आणि मुक्तीपूर्वी जनतेला ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. मग पैसा. बंधनातल्या जमिनीच्या विक्रीतून आलेली रक्कम विमानतळाचे उत्पन्न समजली जाते आणि विमानतळावरच खर्चावी लागते. जमीन अनुदानातून घेतली असेल तर केंद्राच्या वाट्याचे काय करायचे, तेही एफएए ठरवते. विमानतळाचा पैसा दुसरीकडे वळवला, तर वळवलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. ग्रंथालय त्यात अडकू नये म्हणून सांगते आहे.

हे कोणी मनावर घेत नाही असे वाटत असेल, तर शिकागो आठवा. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांनी मिग्ज फील्डवर बुलडोझर पाठवले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून घेतल्या. सोळा विमाने तिथेच अडकली. ३० दिवसांची सूचना न दिल्याचा दंड फक्त ३३ हजार डॉलर होता, तेव्हा कायद्यात तेवढीच तरतूद होती. पण विमानतळांसाठीचा पैसा या उखडण्यावर खर्च केल्याबद्दल २००६ मध्ये शहराला दहा लाख डॉलर परत करावे लागले. त्याआधी, २००३ मध्येच, अमेरिकी काँग्रेसने सूचना न दिल्याचा दंड दिवसाला दहा हजार डॉलरवर नेला होता. कॅलिफोर्नियातले सांता मोनिका शहरही आपला विमानतळ बंद करू पाहत होते. १९४८ साली केंद्राने तो ज्या कागदाने परत केला, त्याचा अर्थ काय यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. जानेवारी २०१७ मध्ये समझोता झाला : धावपट्टी लहान करायला तेव्हाच परवानगी, विमानतळ बंद करायचा तर ३१ डिसेंबर २०२८ नंतर. त्याच राज्यातल्या रियाल्टोला विमानतळाची जमीन सोडवून घ्यायला २००५ मध्ये चक्क काँग्रेसचा कायदा करून घ्यावा लागला, आणि विमानतळ प्रत्यक्षात बंद व्हायला २०१४ उजाडले.

माझा सल्ला, विकू नका. पट्ट्याने द्या. गोदामासारख्या विमानाशी संबंध नसलेल्या वापराला बाजारभावाचे भाडे घ्यावे लागते, तेही विमानतळाच्या खात्यात जाईल. मग विमानतळाच्या तुटीसाठी दरवर्षी गावच्या सर्वसाधारण निधीतून जे पैसे काढता, ते मोकळे होतील. ते ग्रंथालयाला द्यायला कोणाचीच हरकत नाही. पट्ट्यात भाड्याची ठरावीक वर्षांनी वाढ, बांधकामाच्या उंचीची मर्यादा आणि विमानांच्या आवाजाबद्दल तक्रार न करण्याची अट घाला. गोदाम उभे राहिल्यावर हे लिहून घेता येत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाचे गणपतीचे मखर, पताका, ढोल ठेवायला गावच्या विमानतळावरचा रिकामा हँगर स्वस्तात मिळू शकतो का? दोन-तीन हँगर वर्षभर बंदच असतात.

उत्तर : विमानासाठी कोणी रांगेत असेल तर नाही. हँगरचा पहिला हक्क विमानाचा. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या एफएएच्या धोरणात हे स्पष्ट आहे. रांग नसेल तर महिन्या-महिन्याच्या बोलीवर देता येतो, पण त्या व्यवस्थेला एफएएची मान्यता हवी आणि भाडे बाजारभावाचे हवे, स्वस्तातले नाही. त्या पैशात गावातल्या एखाद्या गोदामात, वातानुकूलित खोलीत, ढोलांची कातडी अधिक चांगली राहील. विमान येताच महिनाभरात जागा सोडावी लागणे मंडळाला भाद्रपदात परवडणार नाही. पण मंडळातल्या कोणाचे स्वतःचे विमान तिथे असेल, तर त्या हँगरच्या कोपऱ्यात दोन-चार खोकी ठेवायला हरकत नाही. विमान आत-बाहेर काढायला अडचण होता कामा नये, एवढेच.